आधी तपासणी, मग गोळी

मांजराला प्रतिजैविक देण्यापूर्वी पशुवैद्याची चिठ्ठी आणि जंतूंची चाचणी सक्तीची असावी की नसावी, यावरून भारतातल्या माझ्या मांजरप्रेमी आप्तांमध्ये सध्या दोन तट पडले आहेत. सक्ती हवी म्हणणाऱ्यांना औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंची धास्ती वाटते. नको म्हणणाऱ्यांत माझी ताई आहे, आणि तिचे म्हणणे उडवून लावण्यासारखे मुळीच नाही. "तुमच्याकडे निकाल येईपर्यंत थांबता येतं. इथे तोवर पिल्लू हातचं जातं," असे ती मला फोनवर म्हणाली.

मी राहते त्या नेदरलँड्समध्ये फ्लुरोक्विनोलोन आणि तिसऱ्या-चौथ्या पिढीची सेफॅलोस्पोरिन ही राखीव, म्हणजे साध्या औषधांनी भागत नसेल तेव्हासाठी राखून ठेवलेली, प्रतिजैविके प्राण्यांना देण्याआधी जंतू कोणता आणि त्यावर साधे औषध चालते का, हे तपासण्याचे बंधन २०१३ पासून आहे. युरोपीय संघाचा २८ जानेवारी २०२२ पासून लागू झालेला पशुऔषधांचा कायदाही प्रतिजैविकांचा सरसकट वापर करू देत नाही. या शिस्तीचा मला सुरुवातीला रागच आला होता.

तीन वर्षांपूर्वी आमचा बोका वाळूच्या ट्रेमध्ये पुन्हापुन्हा जाऊन बसू लागला. दरवेळी जेमतेम दोन थेंब लघवी होई आणि तिलाही रक्ताची झाक असे. हा जंतुसंसर्गच आहे, अशी खात्री बाळगून मी त्याला दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी आधी त्याचे पोट चाचपून मूत्राशय तुंबलेले नाही ना, हे पाहिले, कारण बोक्याची लघवी पूर्ण अडली तर एक-दोन दिवसांत जिवावर बेतते आणि तिथे कोणतीही गोळी कामाची नसते. मग सुईने थेट मूत्राशयातून लघवी काढून त्यांनी ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. तांबड्या पेशी पुष्कळ होत्या, जंतू दिसले नाहीत. पुढे कल्चरमध्येही, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहण्याच्या चाचणीतही, काही वाढले नाही. वेदनाशामक औषध, ओले अन्न, पाण्याची जास्तीची भांडी आणि घरात शांतता, एवढ्यावर आमची बोळवण झाली, आणि आठवडाभरात बोका बरा झाला.

त्या दिवशी मला प्रतिजैविक मिळाले असते, तर बरे होण्याचे सारे श्रेय मी त्यालाच दिले असते आणि पुढच्या वेळी तेच मागितले असते. तरुण मांजरांच्या अशा तक्रारीमागे जंतू क्वचितच असतात. बहुतेकदा ती ताणाशी निगडित, जंतूविरहित सूज असते आणि काही दिवसांत आपोआप ओसरते. मांजरांच्या सर्दीचेही तसेच आहे. ती बहुधा हर्पीस किंवा कॅलिसी विषाणूंमुळे होते आणि विषाणूंवर प्रतिजैविक चालत नाही. "मी दिली आणि ती बरी झाली" हा भारतातल्या वादात वारंवार पुढे येणारा अनुभव खोटा नसतो, पण त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र तपासून घ्यावा लागतो.

ताईच्या पिल्लांची गोष्ट वेगळी आहे, हे मी मान्य करते. ताप चढलेला आहे, नाका-डोळ्यांतून पू येतो आहे आणि पिल्लाने खाणे सोडले आहे, अशा वेळी इथला पशुवैद्यही निकालाची वाट पाहत बसत नाही. तो बहुधा डॉक्सिसायक्लिनसारख्या जुन्या औषधाने उपचार सुरू करतो. मात्र हेच डॉक्सिसायक्लिन कोरडे गिळवले तर गोळी मांजराच्या अन्ननलिकेत अडकते, तिथे जखम होते आणि पुढे नळी आक्रसून घास उतरेनासा होतो. म्हणून गोळीमागोमाग सिरिंजने पाच-सहा मिलिलिटर पाणी तोंडाच्या कडेने हळूहळू द्यायचे असते. फ्लुरोक्विनोलोन गटातल्या एन्रोफ्लॉक्सॅसिनची मात्रा किलोमागे दिवसाला ५ मिलिग्रॅमच्या वर गेली, तर मांजराच्या दृष्टिपटलाला इजा होऊन कायमचे अंधत्व येऊ शकते. घरातल्या माणसाची उरलेली पट्टी काढून अंदाजाने अर्धी गोळी मोडणाऱ्याला यातले काहीच ठाऊक नसते, आणि तापासाठी म्हणून सोबत दिलेले पॅरासिटामॉल तर मांजराला थेट विषच असते. चिठ्ठीचा आग्रह मला म्हणूनच सोडवत नाही. जगातल्या जंतूंची काळजी नंतर करू, पण समोरच्या तीन किलोच्या जिवाला ती आज वाचवते.

परदेशातही सगळे आलबेल नाही. एकदा टोचले की सुमारे दोन आठवडे पुरणारे सेफोव्हेसिनचे इंजेक्शन गोळी थुंकणाऱ्या मांजरांच्या मालकांना फार सोयीचे वाटते, आणि ते तिसऱ्या पिढीचे सेफॅलोस्पोरिन, म्हणजे राखीव औषध आहे, याचा त्यांना सहज विसर पडतो. चावल्याने झालेल्या गळूसाठी मीही ते एकदा मागितले होते. डॉक्टरांनी नकार देऊन गळू फोडले, धुतले आणि तेवढ्यानेच जखम भरली.

इथला कायदा जसाच्या तसा भारतात न्यावा, असे मी म्हणणार नाही. प्रयोगशाळा हाताशी नसताना प्रत्येक मांजरासाठी चाचणीची सक्ती केली, तर लोक पशुवैद्याला वगळून परस्पर औषध आणतील. चाचणी राखीव औषधांसाठी आणि पुन्हापुन्हा उलटणाऱ्या संसर्गासाठी असावी; चिठ्ठी मात्र प्रत्येक वेळी असावी. भारतात १ मार्च २०१४ पासून लागू असलेल्या, औषधविषयक नियमांतल्या एच-१ परिशिष्टाने कित्येक प्रतिजैविकांची विक्री नोंदवहीत टिपून ती तीन वर्षे जपण्याचे बंधन औषधविक्रेत्यांवर घातलेच आहे, त्यामुळे नियमाची कल्पना तिथे परकी नाही.

ताईला चाचणीचे अजून पटलेले नाही. पण आता ती पिल्लू आधी वजनकाट्यावर ठेवते, आकडा पशुवैद्याला कळवते आणि त्यांनी सांगितलेली मात्रा वहीत लिहून मगच औषध देते.