हेड बसवलं, पण गाडी थरथरतीयाच!

इंजिनाच्या हेडचं (सिलिंडरवरचं, वाल्व असलेलं झाकण) काम करून ट्रक ताब्यात घेतला त्याला बारा दिवस झाले. मार्केट यार्डात गुळाचे रवे भरायला उभा केला की न्यूट्रलला असा हलतो, की काचेजवळचा जोतिबासुद्धा मान डोलावतो.

मिस्त्रीकडं जावं तर एकच पालुपद, "मालक, नवीन काम हाय, हजार किलोमीटर पळवा, बसंल." अहो, पिस्टनच्या रिंगा बसतात, मान्य. पण सेल मारल्यापासनं मिसिंग मारणारा, म्हणजे पेटच न घेणारा सिलिंडर पळवून कसा बसेल? तिसऱ्या खेपेला म्हणाला नोजल (सिलिंडरात डिझेल फवारणारं) बदला, चौथ्याला डिझेल पंप उतरवू. टॅपेटला (वाल्वच्या वरची फट असते तिथं) फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पानं, लावलं होतं का, विचारलं तर "अंदाजानं केलंय की!" अंदाजानं? तांबडा रस्सा हाय का हा?

शेवटी काल मीच बसलो. जुनी, मेकॅनिकल पंपाची गाडी, म्हणून एकेका नोजलच्या पाइपाचा नट जरा ढिला करून बघितला. (नव्या, जास्त प्रेशरच्या कॉमन रेल गाडीला हे चुकूनही करू नका, त्या प्रेशरचं डिझेल कातडीत घुसतं.) पहिला, दुसरा ढिला केला की इंजिन आणखी पडायचं. तिसऱ्याला ढिम्म फरक नाही, म्हणजे तो आधीच चालत नव्हता! टॅपेट कव्हर काढलं, तर तिथल्या एक्झॉस्ट (धूर बाहेर सोडणाऱ्या) वाल्वच्या फटीत गेजचं सगळ्यात पातळ पान शिरेना. वाल्व मिटतच नव्हता, कॉम्प्रेशन (हवेचा दाब) कुठनं येणार? जळला नाही हेच नशीब. इंजिन गार झाल्यावर गॅप लावला, गाडी गप्प.

मिस्त्रीला फोन केला. म्हणतो, "बघा, म्हटलं नव्हतं, बसंल म्हणून?"