फूल झडलं की टॉनिक!

डांगराची, म्हणजे लाल भोपळ्याची, कळी गळते म्हणून कृषी सेवा केंद्रात जावं, तर वेल न बघता, एक प्रश्न न विचारता बाटली पुढे सरकवतात. "मारा दादा, सेटिंग होतंय बघा, फळ धरतंय." कसलं डोंबलाचं सेटिंग?

पारा ४२ ला टेकलाय. वेल रानभर पसरलाय, पानं टवटवीत, फुलं मरणाची. पण बघावं तर सगळी नर! ऊन वाढलं, दिवस मोठा झाला की हा वेल नर फुलांकडेच झुकतो. त्यातून एखादी मादी कळी येते, बुडाला सुपारीएवढं फळ घेऊन, आणि दोन-चार दिवसांत पिवळी पडून गळते. शेजारी म्हणतात, युरिया टाक. अरे, त्यानं पालाच वाढणार ना? पाला विकू का बाजारात?

दुखणं परागात आहे, खतात नाही. नर फुलाचा पराग मादी फुलाला मिळाला नाही, की फळ गळणारच. पराग फूल उमलायच्या कितीतरी आधी मिटल्या कळीत तयार होतो. नेमका त्याच दिवसांत उन्हाचा तडाखा बसला आणि रात्रीही उकाडा हटला नाही, की पोचट दाण्यासारखे परागकण निघतात. फूल वरून पिवळंधमक, आत वांझ. मेलेला पराग कुठलं टॉनिक उठवून बसवणार आहे?

बरं, जो काही जिवंत उरतो त्याला वेळ किती? फूल पहाटे उमलतं, दुपारच्या आत मिटतं. पराग जड, चिकट, वाऱ्यानं उडायचा नाही, मधमाशीच हवी. आणि आमच्याकडे सकाळी सातलाच बांधापलीकडं कीटकनाशकाचा पंप सुरू! संध्याकाळी मार ना बाबा, फुलं मिटल्यावर! पण नाही, सकाळी गार असतं म्हणे.

एवढ्यातून थोडाफार पराग पोचला तरी बी अर्धवटच धरतं. बी नाही तिथं गर नीट भरत नाही, फळ एका अंगाला फुगतं, दुसऱ्या अंगाला चिमतं. मग व्यापारी ते हातात फिरवून म्हणतो, "माल वाकडाय", आणि भाव पाडतो. जसं काही मी रात्री बसून वाकवलंय!

आता दुकानदार म्हणतो, इथ्रेल न्या, हे संजीवक फवारलं की मादी फुलं वाढतील. वाढतात, खरंय. पण ते रोप दोन-चार पानांवर असताना मारायचं असतं, हे डबीवर वाचायलाही याला सवड नाही. माझा वेल बांध ओलांडून गेलाय, आणि हा मला आत्ता इथ्रेल विकतोय!