बेसबॉल म्हणजे 'क्रिकेटची बालवाडी'? मामा, जरा थांबा

गेल्या आठवड्यात नाशिकच्या मामांनी घरच्या ग्रुपवर एक मेसेज ढकलला. तोच मेसेज त्याआधी ऑफिसातल्या मित्राकडून आणि पुण्याच्या मैत्रिणीकडूनही येऊन गेला होता. मजकूर थोडक्यात असा: "बेसबॉल म्हणजे क्रिकेटची बालवाडी. अमेरिकनांना क्रिकेट जमलं नाही म्हणून त्यांनी हा खेळ काढला. सगळे फुलटॉस, ना टप्पा, ना स्पिन, ना स्विंग. दांडकं फिरवायचं आणि पळत सुटायचं. झेल घ्यायला हातात एवढे मोठे मोजे. आपसातच खेळतात आणि नाव काय, तर वर्ल्ड सिरीज! आयपीएलमधला आपला कुठलाही फलंदाज पाठवा, रोज दहा सिक्सर मारेल."

मी बारा वर्षं बॉस्टनजवळ राहते. पहिली तीन-चार वर्षं माझंही मत हेच होतं, त्यामुळे मामांवर राग नाही. पण मेसेज इतका फिरलाय की एकेक वाक्य धरून उत्तर द्यावंसं वाटलं.

"क्रिकेट जमलं नाही म्हणून काढला." हे आधी उरकून टाकते. पहिला आंतरराष्ट्रीय क्रिकेट सामना 1844 साली झाला, तो अमेरिका आणि कॅनडा यांच्यात, न्यूयॉर्कमध्ये. म्हणजे क्रिकेट तिथे चांगलं रुजलं होतं. बेसबॉलचा पहिला उघडपणे पगारी संघ 1869 साली सिनसिनाटीत उभा राहिला आणि तो बांधणारा हॅरी राइट हा शेफील्डमध्ये जन्मलेला, क्रिकेट खेळत वाढलेला माणूस. 'बेस-बॉल' हे नाव तर 1744 साली लंडनमध्ये निघालेल्या मुलांच्या पुस्तकात येतं. अमेरिकन लोकांनी स्वतःसुद्धा एक थाप पचवली आहे: ॲबनर डबलडे नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने 1839 मध्ये कूपर्सटाउन गावात हा खेळ शोधला म्हणे. त्या साली डबलडे वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत शिकत होता. तरी बेसबॉलचं संग्रहालय कूपर्सटाउनलाच आहे. फॉरवर्ड काय फक्त आपल्याकडेच चालतात?

"सगळे फुलटॉस." इथे खरी गंमत आहे. चेंडू टप्पा खात नाही, हे बरोबर. पण म्हणून तो सरळ येतो, असं कोणी सांगितलं?

पिचर, म्हणजे इथला बोलर, होम प्लेटपासून (बॅटर जिथे उभा राहतो त्या जागेपासून) 60 फूट 6 इंचांवर उभा असतो, म्हणजे 18.44 मीटर. क्रिकेटमध्ये एका क्रीजपासून दुसऱ्या क्रीजपर्यंतचं अंतर 17.68 मीटर. जवळजवळ तेवढंच. फरक एवढाच की पिचरला रनअप नाही, तो मातीच्या दहा इंच उंच ढिगावरून चेंडू चक्क फेकतो, कोपर वाकवून. आपल्याकडे ज्याला 'चकिंग' म्हणून बोलर बदनाम होतो, ती इथली रीतच आहे. ताशी 150 किलोमीटरचा चेंडू इथे रोजचा. अरोल्डिस चॅपमनने 2010 मध्ये टाकलेला एक चेंडू ताशी 170 किलोमीटरचा मोजला गेला होता. शोएब अख्तरचा विक्रम 161.3 चा, आणि तो चेंडू टप्प्याला वेग गमावतो. बेसबॉलचा चेंडू गमावतो तो फक्त हवेत. बॅटरला एकूण मिळतात साधारण 0.4 सेकंद.

आता स्पिन. चेंडूवर लाल दोऱ्याचे 108 दुहेरी टाके असतात, हाताने घातलेले. बोटं त्या शिवणीवर कशी ठेवली यावर सगळा खेळ. उलटी फिरकी दिली की चेंडू डोळ्यांच्या अंदाजाइतका खाली येत नाही, बॅट त्याच्याखालून जाते. पुढच्या बाजूने फिरवला की तो कर्व्हबॉल, प्लेटपाशी येऊन खड्ड्यात पडल्यासारखा कोसळतो. चेंजअपमध्ये हात तसाच जोरात फिरतो, पण चेंडू ताशी 12-15 किलोमीटरने हळू येतो आणि बॅटर आधीच बॅट फिरवून मोकळा. आणि नकलबॉल! त्याला फिरकीच देत नाहीत, जवळजवळ न फिरता तो वाऱ्यावरच्या पानासारखा डुलत येतो. बॉस्टनचा टिम वेकफील्ड त्या एका चेंडूवर 1995 ते 2011 इथे टिकला. तो कुठे जाणार हे कॅचरला, म्हणजे इथल्या विकेटकीपरलाही कळायचं नाही.

"दांडकं फिरवायचं आणि पळत सुटायचं." पळत सुटायचं, हे मामा अगदी बरोबर बोलले, फक्त त्यांना ते सोपं वाटतंय. सगळा बेसबॉल त्या पळण्याच्या सक्तीत आहे.

ज्यांनी कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी आधी मैदान. 90 फूट बाजूचा चौरस कोपऱ्यावर उभा करा. खालचा कोपरा म्हणजे होम प्लेट, मग उजवीकडून फिरत पहिला, दुसरा, तिसरा बेस. होमपासून पहिल्या आणि तिसऱ्या बेसच्या दिशेने दोन रेषा थेट कुंपणापर्यंत जातात. त्यांच्या मधे चेंडू गेला तर मान्य, बाहेर गेला तर फाउल. म्हणजे लेट कट नाही, ग्लान्स नाही, मागे काहीच नाही. 360 अंशांतले 90 तुमचे. नऊ-नऊ खेळाडू, नऊ इनिंग, प्रत्येक इनिंगमध्ये तीन आउट होईपर्यंत बॅटिंग. पूर्ण सामन्यात एका संघाकडे 27 आउट. आउट झालेला बाकावर बसतो आणि आपली पाळी आली की पुन्हा येतो.

स्टम्प नाहीत. त्यांच्या जागी एक अदृश्य खिडकी आहे: रुंदी प्लेटइतकी, 17 इंच, उंची गुडघ्याखालपासून छातीच्या मध्यापर्यंत. चेंडू त्यातून गेला आणि बॅट लागली नाही तर 'स्ट्राइक'. बाहेरून गेला आणि बॅटरने सोडला तर 'बॉल'. बाहेरच्या चेंडूवर बॅट फिरवून चुकलात तरी स्ट्राइकच. तीन स्ट्राइक झाले की आउट, चार बॉल झाले की पहिला बेस फुकट. फाउलही स्ट्राइक धरतात, पण साध्या फाउलवर तिसरा स्ट्राइक होत नाही. त्यामुळे चिवट बॅटर एकामागून एक चेंडू फाउल करत पिचरला दमवतो. द्रविड इथे असता तर त्याने हेच केलं असतं, असं मला नेहमी वाटतं.

पण चेंडू मान्य भागात जमिनीवरून गेला की द्रविडगिरी संपली. पळायलाच हवं. क्रिकेटमध्ये बचावात्मक फटका मारून तिथेच उभं राहता येतं, दिवसभर. इथे बॅटरला जागेवर राहायचा हक्कच नाही. आणि तो पहिल्या बेसकडे निघाला की तिथे आधीपासून उभा असलेल्याला उठावंच लागतं, कारण एका बेसवर दोघं राहू शकत नाहीत. असा ढकलला गेलेला धावपटू पोचायच्या आत फील्डरने चेंडू हातात घेऊन पुढच्या बेसला पाय लावला की तो आउट. सक्ती नसेल तर मात्र चेंडूने त्याला शिवावं लागतं. धाव कधी? चारही कोपरे फिरून होमला परत आल्यावर, एक.

बॉस्टनच्या फेनवे पार्क या स्टेडियममध्ये मी तिसऱ्या बेसच्या बाजूला बसले होते. शेजारी सत्तरीचे एक आजोबा, मांडीवर पुठ्ठा, कानावर पेन्सिल. सातवी इनिंग, एक आउट, पहिल्या बेसवर माणूस. बॅटरने सणसणीत फटका मारला, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधून. गेला, असं म्हणेपर्यंत शॉर्टस्टॉपने, म्हणजे त्या दोन बेसच्या मधल्या फील्डरने, वाकून तो उचलला, न बघता दुसऱ्या बेसकडे भिरकावला. तिथल्याने पाय टेकवला, अंगावर येणाऱ्या धावपटूला चुकवून हवेतच वळत पहिल्या बेसला फेकला. दोन आउट, इनिंग खलास. बॅटरला 90 फूट पळायला लागतात चार-साडेचार सेकंद, तेवढ्यात तीन जणांच्या हातून चेंडू फिरला. आजोबांनी कानावरची पेन्सिल काढून '6-4-3' लिहिलं, म्हणजे चेंडू ज्यांच्या हातून गेला त्या तिघांच्या जागांचे क्रमांक, आणि पुन्हा कानावर ठेवली. फटका उत्तम होता आणि त्याच फटक्याने संघाचे दोन आउट गेले. त्या दिवशी मला हा खेळ कळायला लागला.

"हातात मोजे." हो, झेल सोपा होतो, मान्य. सुरुवातीच्या काळात तेही उघड्या हातानेच खेळत. पण वरच्या प्रसंगात झेल कुठे होता? इथे चेंडू पकडणं हे अर्धं काम, तो फेकणं हे खरं. ऑस्ट्रेलियाच्या क्रिकेट संघाने फील्डिंग शिकवायला माइक यंग नावाचा अमेरिकन बेसबॉल प्रशिक्षक नेमला होता, तो काय मोजे घालायला शिकवायला?

"नाव वर्ल्ड सिरीज." इथे मामांना गुण. 1903 पासून चालत आलेलं हे नाव फुगवलेलंच आहे. अमेरिकेबाहेरचा म्हणावा तर एक कॅनडातला टोरोंटोचा संघ, ज्याने ती 1992 आणि 1993 साली जिंकली. पण देशादेशांची स्पर्धा वेगळी आहे, वर्ल्ड बेसबॉल क्लासिक, 2006 पासून. तिच्या पहिल्या पाच खेपांपैकी तीन जपानने जिंकल्या, एक डॉमिनिकन रिपब्लिकने, आणि अमेरिकेने एकच. 2023 चा अंतिम सामना तर मायामीत होता आणि शेवटचा स्ट्राइक टाकला जपानच्या शोहेई ओतानीने, समोर अमेरिकेचा कर्णधार माइक ट्राउट. दोघं तेव्हा एरवी एकाच क्लबकडून खेळत.

"रोज दहा सिक्सर." बॅट गोल असते, जाडीला जास्तीत जास्त 2.61 इंच. क्रिकेटची 4.25 इंच रुंद आणि सपाट. दहापैकी तीन वेळा यशस्वी फटका मारणारा इथे मोठा खेळाडू. दहापैकी चारच्या वर सरासरी मेजर लीगच्या, म्हणजे इथल्या सर्वोच्च स्पर्धेच्या, आजच्या दोन लीगमध्ये शेवटची गाठली आमच्या बॉस्टनच्या टेड विल्यम्सने, 1941 साली. आणि कुंपण? फेनवेला डावीकडे 37 फूट उंच हिरवी भिंत आहे, तीन मजली इमारतीएवढी.

आपल्याकडून माणसं पाठवून झालीसुद्धा, मामा. 2008 मध्ये भारतात चेंडू फेकण्याची एक स्पर्धा झाली, हजारो पोरं आली. त्यातून उत्तर प्रदेशचे रिंकू सिंग (आयपीएलवाला नव्हे) आणि दिनेश पटेल निवडले गेले, पिट्सबर्गच्या संघाने त्यांना करारही दिला. मेजर लीगपर्यंत मात्र दोघेही पोचले नाहीत. आणि दोघांपैकी एकही क्रिकेटपटू नव्हता. दोघेही भालाफेक करायचे.