टॉवेल दिसला पाहिजे

लग्नात फोटो काढणाऱ्याची एक मोठी सोय असते : नवरदेव कोण, याबद्दल मांडवात दुमत नसते. ब्रँडच्या कार्यक्रमात मात्र नवरदेवाच्या जागी एक वस्तू असते, ती आपणहून मान वळवत नाही की हसत नाही, आणि व्यासपीठावर चढलेल्या प्रत्येक पाहुण्याची ठाम समजूत असते की आजचा नवरदेव आपणच. सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीतील एका कारखानदारांनी आपल्या नव्या टेरी टॉवेलच्या अनावरणाचे फोटो काढायचे काम मला दिले, तेव्हा त्यांची अट एका वाक्याची होती. ‘‘बाकी काय पण करा मालक, टॉवेल दिसला पाहिजे.’’

ही अट दिसते तितकी सोपी नाही. टेरी टॉवेलचा सगळा जीव त्याच्या पृष्ठभागावर उभ्या राहिलेल्या सुताच्या बारीक वेढ्यांत असतो, आणि ते वेढे डोळ्यांत भरायचे तर उजेड बाजूने, जवळजवळ कापडाला घासत यावा लागतो. समोरून फ्लॅश मारला की सावल्या नाहीशा होतात आणि उत्तम विणलेला टॉवेल पापडासारखा सपाट दिसतो. शिवाय टॉवेल पांढराशुभ्र. समोर पांढरेच पांढरे दिसले की कॅमेऱ्याला वाटते उजेड फार झाला, आणि तो आपल्या अकलेने चित्र काळवंडून टाकतो. म्हणून उजेड एक ते दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट) मुद्दाम वाढवावा लागतो, नाहीतर नवाकोरा माल चार धुण्या झाल्यासारखा करडा उमटतो. हे सारे ध्यानात ठेवून मी यादी केली होती : हॉल रिकामा असताना टॉवेलचे जवळून फोटो, मग अनावरण, मग पाहुण्यांच्या हातात उलगडलेला टॉवेल. यादीची एक प्रत मालकांना दिली, एक सूत्रसंचालकांना. सूत्रसंचालकांनी तिच्या पाठीमागे चारोळ्या लिहून घेतल्या.

मंगल कार्यालयातील डेकोरेशनवाल्याने व्यासपीठावर हौसेने जांभळे आणि लाल दिवे सोडले होते, त्यामुळे पांढऱ्या टॉवेलचा रंग मिनिटामिनिटाला बदलत होता. मागे एलईडीचा भलाथोरला पडदा. हा पडदा आपल्या डोळ्यांना स्थिर वाटतो, पण प्रत्यक्षात तो अतिवेगाने लुकलुकत असतो. शटर जलद ठेवले तर ब्रँडच्या नावावरून काळे आडवे पट्टे जातात, आणि संथ ठेवले तर हारतुरे स्वीकारणाऱ्या पाहुण्यांना चार-चार हात फुटतात. मालकांच्या चिरंजीवांना सगळे फोटो मोबाईलसाठी उभे हवे होते, वर्तमानपत्राला बातमीसोबत आडवा हवा होता, आणि दोघेही माझ्या मागेच उभे होते.

त्यातून एप्रिलचा महिना. सोलापुरात एप्रिलमध्ये पंखा बंद करणे ही शिक्षा आहे, पण दीपप्रज्वलनासाठी ती सर्वांना भोगावी लागते. समईच्या वाती काही पेटेनात, पंखे काही सुरू होईनात, आणि प्रमुख पाहुण्यांच्या कपाळावरून घामाचे ओघळ वाहू लागले. तेव्हा त्यांनी सहज हात लांब करून टेबलावर मांडलेला नमुन्याचा टॉवेल उचलला आणि त्यात तोंड खुपसले. खिडकीतून तिरपा उजेड येत होता, सुताचा वेढा न् वेढा उभा होता, आणि टॉवेलातून वर आलेल्या त्या चेहऱ्यावर जे समाधान होते, ते लाखभर रुपये मोजूनही कोणत्या मॉडेलकडून मिळाले नसते. मी तो क्षण टिपला.

पुढे सत्कार. आपल्याकडे टॉवेल-टोपीच्या आहेराची एक रीत आहे : आहेरातला टॉवेल कोणी उघडत नाही, तो घडीतल्या घडीत या लग्नातून त्या लग्नात फिरत राहतो. त्याच रीतीने इथेही टॉवेल प्लॅस्टिकच्या पिशवीतच दिले जात होते, आणि प्रत्येक पिशवी माझ्या फ्लॅशचा लखलखीत गोळा मलाच परत करीत होती. मी कुजबुजत विनंती केली, तर मालक म्हणाले, ‘‘पिशवी काढली की माल वापरल्यासारखा वाटतोय.’’ सत्कारमूर्तींची यादी मारुतीच्या शेपटीसारखी लांबत गेली; सुताचे व्यापारी आले, रंगारी आले, पतसंस्थेचे संचालक आले, शेवटी जनरेटरवाले अण्णाही आले. प्रत्येकाच्या भोवती दहा मोबाईल, आणि प्रत्येकाची नजर वेगळ्या मोबाईलकडे.

रात्री निवडलेले फोटो घेऊन बसलो. घाम पुसणारा फोटो मालकांनी बराच वेळ पाहिला आणि बाजूला ठेवला. ‘‘एवढा मोठा माणूस, अन् घामाघूम दाखवायचा?’’ जाहिरातीसाठी त्यांनी पसंत केला तो शेवटचा समूहफोटो, ज्यात व्यासपीठ मोडेल इतकी माणसे दाटीवाटीने उभी आहेत आणि मागच्या रांगेत एका गृहस्थांच्या कोपराखालून काहीतरी पांढरे डोकावते आहे.

‘‘हा टॉवेल,’’ त्यावर बोट ठेवून ते म्हणाले, ‘‘कॉम्प्युटरवर जरा पुढे घेता येतोय का बघा. अन् आमच्या मेव्हण्यांचे डोळे उघडा.’’