ऑइल पेंटमधलं क्लोरीन

आमच्या भागातल्या पालिकेच्या तरण तलावावर तिकीट खिडकीशेजारी एक फळा आहे. ‘आजचे पाणी : पीएच ७.४, क्लोरीन १.५’. आजचे म्हणे! मार्चपासून रोज साडेसहाच्या बॅचला पोराला घेऊन जातेय, आकडा हलायला तयार नाही. परवा नखाने खरवडून बघितलं. ऑइल पेंट आहे हो! वरची तारीख तेवढी खडूने बदलतात.

पोरगं लालभडक डोळ्यांनी बाहेर आलं, तर जीवरक्षक म्हणतो, “मॅडम, क्लोरीन भरपूर मारलंय, वास येतोय ना?” अरे बाबा, वास येतोय हीच तर बोंब आहे! नीट राखलेल्या तलावाला एवढा वास नसतो. पोरं पाण्यात मुततात, घाम मिसळतो, त्याच्याशी क्लोरीन जुळून क्लोरामाइन होतं. नाकाला झोंबतं ते हेच. मग जंतू मारायला क्लोरीन उरलं किती? ते पाणी तपासायचं किट उघडल्याशिवाय कसं कळणार! किट दाखवा म्हटलं, तर किट साहेबांच्या कपाटात आणि चावी साहेबांच्या खिशात. माझ्या माहेरी ग्रामपंचायतीचा माणूस ओटीचे, म्हणजे क्लोरीन तपासायच्या ऑर्थोटोलिडीनचे, थेंब टाकून नळाचं पाणी तपासतो, पिवळं झालं नाही तर टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, वाढवतो. आणि हे शहर.

गेटबाहेर तर आणखी मजा. ड्रेनेजचं चेंबर तीन आठवडे तुंबून वाहतंय. आत पाटी, ‘शॉवर घेतल्याशिवाय पाण्यात उतरू नये’. आणि त्या काळ्या पाण्यातून तुडवत आलेल्या चपला थेट तलावाच्या काठापर्यंत! ॲपवर तक्रार केली. दोन दिवसांत ‘निराकरण झाले’, सोबत फोटो. कोरडं ठणठणीत चेंबर, शेजारी पिंपळ. आमच्या अख्ख्या गल्लीत पिंपळ नाही!

आरोग्य खात्यात गेले, तर म्हणे चेंबर ड्रेनेजवाल्यांचं, तलाव क्रीडा विभागाचा, आणि पाणी ठेकेदाराचं. मग आरोग्य कोणाचं? त्यावर साहेबांनी चहा मागवला. स्वतःसाठी.

२०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेडगाव, किरकटवाडी भागात जीबीएसचा (गुलेन-बारे सिंड्रोम, हातपाय लुळे पाडणारा नसांचा आजार) उद्रेक झाला, तेव्हा पाण्याचे नमुने घ्यायला केवढी पळापळ झाली. म्हणजे बाटल्या आहेत, लॅब आहे, माणसंही आहेत! फक्त आधी कोणीतरी व्हेंटिलेटरवर जावं लागतं.

आज सकाळी बघते तर फळ्यावर तारीखही कालचीच. खिडकीतल्या माणसाला म्हटलं, अहो, निदान ही तरी बदला. त्याने मान वर न करता खडू माझ्याकडे सरकवला.