'आईला उठूच देऊ नका' म्हणे!

सध्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. सत्तरी ओलांडलेल्या आईवडिलांना घरात सुरक्षित ठेवायचे पाच नियम: त्यांना उठू देऊ नका, सगळं हातात द्या, बाथरूममध्ये रबरी मॅट टाका, चक्कर आली तर घाबरू नका, ते वयाचं असतं, घरभर कॅमेरे लावा, आणि हे जमत नसेल तर घर विकून त्यांना आपल्याकडे आणा. मला तो चौघांनी पाठवला, कारण माझी 79 वर्षांची आई सांगलीत एकटी राहते.

पहिला नियम सगळ्यांत प्रेमळ दिसतो आणि तोच सगळ्यांत घातक आहे. 2007 साली अमेरिकेतल्या एका छोट्या प्रयोगाचे निष्कर्ष छापून आले. साठीपुढच्या 12 धडधाकट माणसांना 10 दिवस नुसतं पलंगावर ठेवलं होतं. तेवढ्यात पायांचे स्नायू जवळजवळ एक किलोने झडले. आजारी नव्हती हो ती माणसं, फक्त पडून होती! 'तू बस गं, पाणी मी आणते' हे दिवसातून वीस वेळा म्हणत वर्ष काढलं, तर कमोडवरून उठायला लागणारी ताकद उरेल कुठून? आईला फिजिओथेरपिस्टने दोनच गोष्टी सांगितल्यात: ओट्याला धरून टाचा उचलायच्या, आणि खुर्चीवरून दहा वेळा उठायचं-बसायचं. कुकरच्या शिट्ट्या होईस्तोवर तिचं उरकतं. असे तोल सांभाळायचे आणि पायांच्या ताकदीचे व्यायाम केले तर पडण्याचं प्रमाण जवळपास चौथ्या हिश्शाने घटतं, हे अनेक चाचण्या एकत्र तपासून दिसलेलं आहे.

आता मॅट. घसरू नये म्हणून ती ठीक, पण कड वळली की पाय तिच्यातच अडकतो. शिवाय तोल गेला की हात काहीतरी धरायला जातो. आईचा जायचा टॉवेलच्या रॉडकडे, जो दोन बारक्या स्क्रूंवर लटकलेला. मी हुशारी करून ऑनलाइन सक्शनचं हँडल मागवलं. पंधरा दिवसांत ते आपोआप गळून पडलं. नशीब, तेव्हा कुणी धरलेलं नव्हतं. मग प्लंबर आला. त्याने बोटाने टाइल्स वाजवून पोकळ कुठे आहे ते पाहिलं, विटेपर्यंत ड्रिल मारून अँकर ठोकले आणि कमोडच्या उजव्या हाताला मुठीत मावेल असा स्टीलचा बार बसवला. बाथरूमची आतली कडी काढून बाहेरूनही उघडता येईल असं कुलूप लावलं. 'भिंतीला भोकं पाडू नकोस' म्हणणारी आई आता त्या बारवर ओला पंचा वाळत घालते. त्यावरून आमची रोज जुंपते.

चक्कर 'वयाची' म्हणून सोडून देणं म्हणजे कमाल आहे. झोपलेलं असताना रक्तदाब मोजा, मग उभं राहिल्यावर तीन मिनिटांत पुन्हा मोजा. वरचा आकडा 20 किंवा जास्त उतरला, तर गोळ्यांची पिशवी घेऊन डॉक्टरांकडे जा. रक्तदाबाच्या, झोपेच्या, प्रोस्टेटच्या गोळ्यांनी असं होऊ शकतं. मनाने मात्र एकही बंद करू नका. आणखी एक कारण कुणी सांगत नाही: रात्री उठावं लागू नये म्हणून ही माणसं संध्याकाळपासून पाणीच पीत नाहीत.

कॅमेरा पडलेलं माणूस दाखवतो, उचलत नाही. त्यापेक्षा पलंगापासून बाथरूमपर्यंत झिरोचा दिवा, शेजारच्या काकूंकडे एक किल्ली आणि फोनवर 108 मोठ्या अक्षरांत.

राहिलं घर विकणं. आणलं होतं मी आईला पुण्याला, दोन महिने. पहिल्याच आठवड्यात रात्री उठली, सवयीने डावीकडे वळली आणि कपाटावर आदळली. सांगलीत डावीकडे बाथरूम आहे. शिवाय विकायचं सोडून घर मुलांच्या नावावर करायचा बेत असेल, तर सांभाळण्याची अट बक्षीसपत्रात लिहून घ्या. अट मोडली तर 2007च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 खाली ते रद्द करून मागता येतं.

गॅस चालू राहायला लागला, एकच गोळी दोनदा घेतली जायला लागली, तर मी आईशी बोलून वेगळं ठरवीन. आज तरी ती दूधवाल्याशी हुज्जत घालायला फाटकापर्यंत चालत जाते.