बोर्ड किती फुटांवर, आणि फूट मोजायचे कुठून?

नमस्कार दादा,

कमेंट दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की वाशीच्या रो-हाऊसला कंपाऊंडच्या भिंतीवर मीटरबॉक्स तीन फुटांवर आहे, तीस वर्षं काही झालं नाही, बॉक्स आयपी ६५ चा, घरात आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) पण बसवलाय आणि मी मागच्या पोस्टमध्ये 'साचणाऱ्या पाण्यामुळे बाहेरचा वीजबोर्ड पाच फुटांवर हवा' असं लिहून उगाच लोकांना घाबरवतोय, शिवाय तेवढ्या वर आईचा हात पोचणार नाही. वर अमेरिकेच्या कोडात साडेसहा फूट लिहिलंय, मग तुमचे पाच आले कुठून, हा टोमणा वेगळाच.

अमेरिकेचं आधी उरकतो. तिथल्या एनईसीत (वायरिंगच्या राष्ट्रीय कोडात) घराबाहेर जे सॉकेट द्यावंच लागतं त्याला साडेसहा फूट ही वरची मर्यादा आहे, म्हणजे त्याहून वर नको, हात पोचला पाहिजे. खालून किती सोडायचं ते ती ओळ सांगतच नाही. आपला नॅशनल बिल्डिंग कोड म्हणतो की स्विचबोर्डचा तळ जमिनीपासून सव्वा मीटरच्या आत नको, पुढून पूर्ण दार असेल तर सूट. पण ती सूट कुणाचा हात आत जाऊ नये एवढ्यासाठी आहे, पाणी काय दार वाजवून येत नाही. आणि हो, पाच फूट हा नियम नाही, माझी सवय आहे. पोस्टमध्ये 'नियमच आहे' असं लिहिलं गेलं ते चुकलं, दुरुस्त करतो.

आता आरसीसीबी. वस्तू चांगली, ३० मिलीअँपिअरला ट्रिप होते, बसवलात ते उत्तमच केलंत. पण ती तिच्या पुढच्या वायरिंगची राखण करते हो! मीटर आणि कटआऊट (मीटरपाशी असतो तो मुख्य फ्यूज) तिच्या मागे, म्हणजे वीज घरात येते त्या बाजूला, तिथे पाणी शिरलं तर तिला पत्ताच नाही, आणि कटआऊटचा फ्यूज काही चिखलातून गळणाऱ्या करंटला उडेलच असं नाही, तो मोठ्या शॉर्टसाठी. म्हणजे घरात लाईट व्यवस्थित चालू आणि गेटपाशी साचलेल्या पाण्यात करंट, असंही होऊ शकतं. आयपी ६५ म्हणजे धूळ आत जात नाही आणि पाण्याचा फवारा सोसतो, बुडवून ठेवायला नाहीये तो. त्यातही ग्लँड (केबलभोवती घट्ट बसून भोक बंद करणारा तुकडा) न लावता नुसतं भोक पाडून केबल आत घेतली असेल तर तो आकडा स्टिकरपुरता.

ऐरोलीत एकांच्या घरी असा बॉक्स उघडला होता, पाऊस संपल्यावर. बाहेरून एकदम नवा. आत तळाला बोटभर गाळ, एक गोगलगाय आणि न्यूट्रलचं टर्मिनल हिरवंगार. त्यांनीही बॉक्स तीन फुटांवरच घेतला होता, खोटं बोलत नव्हते, फक्त तो तीन फूट होता घर बांधलं तेव्हा. त्यानंतर डांबरावर डांबर पडत गेलं, मग काँक्रीट झालं, रस्ता वर आला आणि अंगण खड्ड्यात गेलं. टेप रस्त्यापासून लावली तर भरलं दोन फूट दोन इंच.

मला एवढंच म्हणायचंय, की फूट अंगणापासून मोजू नका, पाणी कुठवर चढतं तिथून मोजा. वाशी-नेरूळचा बराच भाग होल्डिंग पॉन्डच्या (पावसाचं पाणी तात्पुरतं साठवणाऱ्या तळ्यांच्या) भरवशावर आहे, भरतीला खाडीकडची दारं मिटतात आणि त्याच वेळी धो धो कोसळला की पाण्याला जायला वाट नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पडला, तेव्हा तुमच्या गल्लीत पाणी कुठवर होतं ते शेजारच्या जुन्या लोकांना विचारा, भिंतीवरची रेघ कुणाला तरी आठवतेच. बॉक्सचा तळ त्या रेघेच्या वर हातभर.

'आईचा हात पोचणार नाही' हे मात्र पटत नाही. चार फूट दहा इंच उंचीच्या माणसाचा हात वर केला की साधारण सहा फुटांपर्यंत जातो, एकदा त्यांना भिंतीपाशी उभं करून बघा.

मीटर स्वतः हलवू नका, सील असतं, महावितरणकडे अर्ज करावा लागेल. आणि पाण्याच्या पंपाचा स्टार्टर कुठे बसवलाय ते कमेंटमध्ये आलंच नाही. टाकीच्या झाकणाशेजारी असेल तर मीटरच्या आधी तो वर घ्या, त्याला अर्ज-बिर्ज काही लागत नाही, चांगला वायरमन अर्ध्या दिवसात करून देतो.